बत्तीस किल्ल्या

बातमी किती मोठी
ते मला टीव्हीवरून कळत नाही,
काउंटरमागच्या फळीवरून कळतं.
बत्तीस खिळे. किती रिकामे, किती भरलेले.

पहिल्या वेळी ऑगस्ट होता.
गावच्या जत्रेत सरबताच्या गाडीवर
कुणीतरी ट्रक घातला.
मेलं कुणी नाही. तिघांचे पाय मोडले,
एक घोडा बिथरून पार महामार्गावर गेला.
पण ट्रकवाल्याचं नाव निवेदकांच्या जिभेवर बसेना,
आणि तेवढं पुरलं.
दिवेलागणीला एक किल्ली उरली नाही.
आवारात तबकडीवाल्या गाड्या, आभाळाकडे आ वासून.
अकरा रात्री.
इस्त्रीच्या खोलीत खाट टाकून एकजण झोपला, दुप्पट भाड्यानं.
पॅनकेकचं पीठ संपलं, पाक संपला,
नेब्रास्कातल्या आमच्या एवढ्याशा गावाचं नाव
इतक्यांदा घेतलं गेलं
की माझ्याच कानाला ते परकं वाटू लागलं.
आणि तो शब्द पहिल्या तासातच आला.
दहशतवादी.
जणू कुणी आधीच टाईप करून ठेवलेला,
फक्त नाव भरायचं बाकी.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारी.
कत्तलखान्यात राबणारे सोमाली लोक
जुन्या लाँड्रीच्या जागेत नमाज पढायचे.
पहाटे कुणी दाराला बाहेरून साखळी घातली
आणि खिडकीतून पेटत्या बाटल्या फेकल्या.
चौघे.
साखळी आमच्याच हार्डवेअरच्या दुकानातली, पावतीसकट सापडली.
त्यानं अठरा पानं लिहून ठेवली होती:
का, कशासाठी, यानंतर कोण.

मी चादरी मोजल्या. पिठाची पोती मागवली.
सांगायला लाज वाटते, पण मागवली.

आला एकच.
पोरगेलासा, बूट भिजलेले. सात नंबर, एक रात्र.
"ओळखत होता त्याला?"
म्हटलं, हो, वेंडलचा धाकटा.
बर्फ पडलं की आमच्या पायऱ्या मोकळ्या करायचा,
पैसे घ्यायला लाजायचा. शांत मुलगा.
खोटं नव्हतं.
तोंडात आलं, बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी आठव्या पानावर
माझं नाव, अर्डेल क्रुगर, मोटेलची मालकीण,
माझ्या पायऱ्या, माझं ते 'शांत'.
एकलकोंडा, असं छापलं होतं. खचलेला.
फोटोत तो बापाशेजारी, हातात मासा, हसतोय.
चौघांना मिळून दीड ओळ.
लिबानचं झालं होतं 'लिनन',
चादरीच्या कापडाला म्हणतात ते.

नाश्त्याआधीच तो पुढे गेला.
दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात वादळ होतं म्हणे.

सात नंबर आवरायला होदन गेली.
लिबान तिचा भाऊ.
मी म्हटलं होतं, घरी थांब.
म्हणाली, घरी सगळेच रडतात.
टेबलावर त्यानं पेपर ठेवला होता, घडी न मोडलेला,
आणि कपाखाली पाच डॉलर.
ती बराच वेळ बाहेर आली नाही.
आली तेव्हा चादरी छातीशी धरलेल्या.
"तू म्हणालीस, तो शांत होता."
प्रश्न नव्हता तो.
मी फळीकडे पाहिलं,
बत्तीसच्या बत्तीस किल्ल्या जागेवर.
"नऊ हिवाळे," ती म्हणाली,
"त्याच पायऱ्या मीही काढते."
आणि मशीन लावायला निघून गेली.

पोती कोठारात तशीच आहेत.
एकाला टोके लागलेत, टाकून द्यायला हवं.

परवा एक प्रवासी आला, बायको गाडीत,
सही करता करता म्हणाला,
"इथंच ना काहीतरी झालं होतं?
ती ट्रकची भानगड?"

हो, म्हटलं. इथंच.
आणि किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

मागे इस्त्रीच्या खोलीत
वाफेचा आवाज थांबला.